सील कुणी फोडलं

मंगळवार, ३

माझा अ‍ॅम्प्लिफायर बंद पडला. आठवडाभर लेकीकडे राहून आज दुपारी घरी आले, पर्स टेबलावर टाकली, चपला काढायच्याही आधी बटण दाबलं, तर काही नाही. दिवा नाही, खरखर नाही. प्लग काढून घातला, दुसऱ्या सॉकेटमध्ये लावून बघितला. ढिम्म.

जन्मभर लोकांच्या मुलांना गणित शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर स्वतःसाठी म्हणून ही एकच वस्तू घेतली. अ‍ॅम्प्लिफायर आणि दोन उंच स्पीकर. त्यावर व्हायोलिन लावलं की वाजवणाऱ्याचा श्वाससुद्धा ऐकू यायचा. वर्षही झालं नाही अजून.

ह्यांना विचारलं, कधीपासून बंद आहे? तर म्हणे, "गुरुवारी लाईट गेली, आली, परत गेली. तेव्हापासून." मग मला फोन करून सांगायला काय झालं होतं? "तू चिडली असतीस." म्हणजे आता मी चिडलेली नाही असा ह्यांचा समज.

मी सरळच विचारलं, "हात लावला नाहीत ना त्याला?" नवऱ्याला मी ओळखून आहे. सगळी नोकरी वीज कंपनीत, मीटर तपासायच्या खोलीत गेली. इस्त्री, पंखा, मिक्सर, शेजाऱ्यांची दारावरची घंटा, जे दिसेल ते उघडून टेबलावर पसरायचं हा ह्यांचा आनंद. अ‍ॅम्प्लिफायर आणला त्याच दिवशी मी बजावलं होतं. झाकणाच्या सांध्यावर कंपनीचं कागदी सील आहे, ते फाटलं की वॉरंटी संपली, तेव्हा लांब राहायचं. "मी कशाला हात लावू?" म्हणाले आणि पेपर तोंडासमोर धरला. बरं.

मी नसताना एक दिवस डोकं धरून झोपून होते म्हणे. बुधवारी सकाळी उठले तर चक्कर. दुपारपर्यंत बरं वाटलं म्हणून कुणाला कळवलं नाही. वेळेवर जेवले नसतील, दुसरं काय.

लेकीकडची बातमी मात्र चांगली आहे. तिची बदली झाली, आता तिला सकाळी लवकर निघावं लागणार. म्हणून शाळा उघडली की, म्हणजे तेवीस तारखेपासून, भिंगरीला गाडीने शाळेत सोडायचं काम आजोबांचं. भिंगरी म्हणजे आमची नात. वय वर्षं सहा. एका जागी म्हणून उभी राहत नाही. ऐकून ह्यांचा चेहरा असा काही फुलला की बस. घरी बसल्यापासून पहिल्यांदा कुणी ह्यांच्यावर काही सोपवलं. लगेच बादली घेऊन गाडी धुवायला खाली. मी म्हटलं, अहो, अजून तीन आठवडे आहेत.

गुरुवार, ५

कंपनीच्या त्या फोनला मदत क्रमांक हे नाव कुणी ठेवलं, त्याला माझ्यासमोर उभा करा. हे हवं तर एक दाबा, ते हवं तर दोन दाबा. सगळं दाबून झालं की आपली ती बासरी. माझ्या घरातलं संगीत बंद पाडून हे मला बासरी ऐकवणार.

शेवटी एक मुलगी बोलली. आवाज गोड, पण डोकं कुणाला तरी गहाण टाकल्यासारखं. "मॅडम, आपण मशीन चालू करून पाहिलंत का?" मी म्हटलं, नाही बाळ, मला सहजच तुझी आठवण आली म्हणून फोन केला.  मग ती म्हणाली की आतला फ्यूज उडाला असेल तर आमचा माणूस येऊन बदलून देईल, वॉरंटीत आहे, पण सील शाबूत पाहिजे. मी म्हटलं, शाबूत आहे. माझ्या घरात नियम म्हणजे नियम असतो.

सोमवारी माणूस येणार.

शुक्रवार, ६

आज राग ह्यांच्यावर. ताटात अर्धं अन्न टाकून उठतात. काल घेवडा संपवला आणि बटाट्याला शिवले नाहीत. आज बटाटा चाटूनपुसून खाल्ला आणि घेवडा जसाच्या तसा. अहो, नक्की आवडत काय नाही ते तरी एकदा ठरवा. विचारलं तर "पोट भरलं" म्हणे. आणि तासाभराने डबे उघडून बिस्किटं शोधत होते.

दाढीचीही तीच तऱ्हा. डाव्या गालावर खुंट तसेच. "आरशात बघता का?" म्हटलं, तर जाऊन बघून आले आणि म्हणाले, चकाचक आहे. पेपर वाचून झाला की आदळून ठेवतात. "हल्ली बातम्या कोण लिहितं देव जाणे, वाक्याला सुरुवातच नसते." ह्या बाबतीत मात्र मी ह्यांच्या बाजूची आहे. भाषेची पार वाट लागली आहे.

घरी बसलेला माणूस गबाळा होतो असं माझी एक मैत्रीण म्हणायची. माझा नाही होणार, असं मी तिला ठासून सांगितलं होतं.

सोमवार, ९

अजून राग उतरला नाही, अक्षर नीट येत नाही.

कंपनीचा माणूस आला. गळ्यात ओळखपत्र, पाठीवर बॅग, बूट दाराबाहेर काढण्याइतका सभ्य. अ‍ॅम्प्लिफायर पुढे ओढून मागच्या बाजूला टॉर्च मारला आणि तसाच उकिडवा बसून राहिला. मग म्हणाला, "मॅडम, हा उघडलेला आहे."

मी म्हटलं, शक्यच नाही.

"इकडे बघा. सील काढून परत चिकटवलंय. उजवीकडे अगदी नीट बसवलंय, एक सुरकुती नाही. डावीकडे तसंच लोंबतंय. आणि डावीकडचे दोन्ही स्क्रू नाहीत."

मी वाकून बघितलं. खरंच नव्हते. उजवीकडचे दोन घट्ट पिळलेले, डावीकडे नुसती भोकं.

तो स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाला, "उघडणारा हात जाणता आहे. स्क्रूच्या डोक्यावर एक ओरखडा नाही. मग अर्ध्यातच कसा सोडला?"

इथे माझी सटकली. मी म्हटलं, अर्धवट काम ना, मग ते तुमच्या कारखान्यातलं. आमच्या घरात असं कुणी करत नाही. हे समोर बसलेत ना, ते एक स्क्रू उरला तर जेवत नाहीत, सगळं पुन्हा उघडतात. तुमच्या कुठल्यातरी कारागिराची सुट्टीची वेळ झाली, त्याने दोन स्क्रू लावले आणि डबा घेऊन पळाला. आणि आता ते माझ्या गळ्यात मारताय.

तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, सील फुटलं की मला पुढे हात लावता येत नाही." आणि कागदावर "ग्राहकाकडून छेडछाड" असं लिहून सही मागायला लागला. छेडछाड. ह्या वयात माझ्यावर छेडछाडीचा आरोप. मी सही केली नाही. त्याला दार दाखवलं, आणि तो जिन्यात पोचेपर्यंत माझं बोलणं चालूच होतं.

ह्या सगळ्यात हे खुर्चीत. पेपरसुद्धा हलला नाही. मी म्हटलं, तुम्ही तरी सांगायचं त्याला, तुमचा तर विषय आहे. तर म्हणाले, "जाऊ दे ना. कंपनीला कशाला मध्ये घेतेस? मीच बघितलं असतं." म्हणजे बायको एकटी भांडतेय आणि ह्यांना उघडायची हौस सुटलीय. मी म्हटलं, खबरदार.

मंगळवार, १०

तक्रार पाठवली. वरच्या साहेबाला, त्याच्या वरच्या साहेबाला आणि ग्राहक मंचाला. कारखान्यात स्क्रू लावायचे राहिले, सील वाकडं लागलं, आणि वर त्या माणसाने माझ्या तोंडावर मला खोटं ठरवलं. त्याच्या ओळखपत्रावरचा क्रमांकसुद्धा घातला. वाचून दाखवलं तेव्हा हे म्हणाले, "त्या माणसाचं नको घालू. त्याने काय केलं?" मी म्हटलं, त्याने मला खोटारडी म्हटलं. ह्यांनी पेपर उचलला.

शनिवार, १४

आता गाडी. सकाळी हे सराव म्हणून शाळेच्या रस्त्याने एक चक्कर मारून आले. तेवीसला उशीर नको म्हणे. येताना फाटकातून आत घेताना डावीकडचा आरसा मोडला आणि दरवाजावर हातभर ओरखडा. इतकी वर्षं त्याच फाटकातून गाडी काढतात, कधी साधा चरा नाही.

"मध्ये काहीतरी होतं," म्हणाले. दुसरं काय असणार, खालच्या वकिलाची स्कूटर. तो ती नेहमी फाटकाच्या खांबाला टेकवून ठेवतो. मी तशीच खाली गेले, त्याच्या दारावर थाप मारली. तो बनियनवर बाहेर आला. म्हणाला, "काकू, स्कूटर कायम तिथेच असते. इंचभर इकडेतिकडे नाही." मी म्हटलं, कायम चूक केली म्हणून ती बरोबर होत नाही. त्याची बायको आतून म्हणाली, "अहो, दार लावून घ्या." मला बघून दार लावून घेण्याइतकी मी वाईट झाले.

वर आले तर हे खिडकीशी उभे राहून खाली गाडीकडे बघत होते. म्हणाले, "मला तो खांब दिसलाच नाही गं." मी म्हटलं, दिसणार कसा, पुढे स्कूटर होती ना.

मंगळवार, १७

कंपनीकडून पत्र ना फोन. मी रोज एकदा त्या मुलीला फोन लावते. आता ती माझा आवाज ओळखते. "बोला मॅडम" म्हणताना तिचा सुस्कारा मला ऐकू येतो. ऐकू येऊ दे. माझं घर चिडीचूप पडलंय ते तिलाही कळू दे.

दुपारी जेवताना ह्यांनी पुन्हा तेच केलं. अर्धं ताट साफ, अर्धं जसंच्या तसं, आणि हात धुवायला निघाले. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी उठले, ह्यांना खांद्याला धरून खाली बसवलं आणि ताट गरकन फिरवून समोर आपटलं. म्हटलं, हे कोण खाणार?

ह्यांनी ताटाकडे बघितलं आणि म्हणाले, "अरे वा, अजून वाढलंस?" आणि निमूट सगळं खाल्लं. भूक होती म्हणजे. मग आधी टाकून उठायचं नाटक कशासाठी? मला डिवचायला? माझं डोकं इतकं भणभणलं की मी माझं ताट तसंच ठेवून उठले.

शुक्रवार, २०

जिंकले. साहेबाचा स्वतः फोन आला. "आपल्याला झालेल्या मनस्तापाबद्दल दिलगीर आहोत. कारखान्यातल्या त्रुटीची शक्यता नाकारता येत नाही." पुढच्या आठवड्यात नवीन कोरं मशीन, जुनं ते परत नेणार. आणि त्या माणसाला कामावरून तूर्त बाजूला केलंय, चौकशी चालू आहे.

मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात एकटीच टाळी वाजवली. सगळे म्हणत होते, सोडून दे, कंपनीपुढे कुणाचं चालत नाही. लेक म्हणाली होती, जावई म्हणाले होते. आता या म्हणावं ऐकायला.

ह्यांना सांगितलं तर चेहरा पडला. "त्याला काढलं?" एवढंच म्हणाले. मी म्हटलं, काढलं नाही, बाजूला केलंय, आणि करायलाच हवं होतं. हे उठून आत जायला लागले आणि जाताना दाराच्या चौकटीवर खांदा आपटला. हल्ली रोज कुठे ना कुठे आपटतात. म्हटलं, बघून चाला. मला वाटलं होतं, एक तरी माणूस खूश होईल.

रविवार, २२

आज जे झालं ते लिहितानासुद्धा लाज वाटते.

सकाळी दिवाणखान्यातल्या घड्याळाचा सेल संपला. नवा सेल बघायला ह्यांचा खण उघडला. आत जुन्या गोळ्यांची डबी खुळखुळली. उघडली तर दोन काळे स्क्रू आणि काचेचे फ्यूज, सगळे आतून काळवंडलेले. स्क्रू घेऊन अ‍ॅम्प्लिफायरच्या डावीकडच्या भोकात घातले. बसले. अगदी माहेरी आल्यासारखे बसले.

मी डबी ह्यांच्यापुढे टेबलावर उलटी केली. म्हटलं, हे काय?

 मग सगळं सांगितलं. मी लेकीकडे असताना लाईट गेली-आली आणि फ्यूज उडाला. म्हणाले, तू यायच्या आत नीट करून ठेवू म्हटलं. केस वाळवायच्या यंत्राने सील गरम करून अलगद सोडवलं. नवा फ्यूज आणून लावला. चालू केला, उडाला. दुसरा लावला, तोही उडाला. आणखी आणले, तेही. "मला कळेना गं. असं कधी झालं नव्हतं. मग बंद करून ठेवला."

मी म्हटलं, आणि माझ्या तोंडावर सांगितलंत की हात लावला नाही. मी त्या माणसाला हाकललं. जगभर तक्रारी केल्या. त्याची नोकरी पणाला लागली. तुम्ही पेपर धरून बसलात.

"सांगणार होतो. तू बोलायला लागलीस की मध्ये शिरता येत नाही."

म्हणजे ह्यातही माझंच चुकलं.

म्हटलं, निदान झाकण तरी नीट लावायचं होतंत. हे स्क्रू डबीत कसे? तर ह्यांनी माझ्याकडे वेड्यासारखं बघितलं. "स्क्रू सगळे लावले मी. चारही. हे दुसरे कसले तरी असतील." हे सांगताना चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही. पकडला गेलेला माणूस इतकं धडधडीत बोलू शकतो हे मला माहीत नव्हतं.

मग मी हट्टाला पेटले. प्लग काढलेलाच होता, उरलेले दोन स्क्रू सोडवून झाकण उचललं. वॉरंटीचं जे व्हायचं ते होऊन गेलेलंच होतं. आत फ्यूजच्या शेजारी पांढऱ्या अक्षरात लिहिलं होतं, टी, मग दोन पॉइंट पाच. भिंग घेऊन डबीतल्या फ्यूजच्या टोपणावर बघितलं. एफ, मग दोन पॉइंट पाच. विचारलं, टी म्हणजे काय आणि एफ म्हणजे काय?

हे खडाखडा बोलायला लागले. टी म्हणजे सावकाश उडणारा, क्षणभराचा धक्का सोसतो. एफ म्हणजे झटका बसला की लगेच जाणारा. अ‍ॅम्प्लिफायर चालू करताना पहिल्या क्षणी करंट दांडगा ओढतो, तिथे एफ लावला तर दर वेळी उडणार. "हे तू मला शिकवणार? मी माणसं तयार केलीत ह्यात."

"मग एफ का लावलात?"

"नाही लावला."

मी फ्यूज आणि भिंग ह्यांच्या हातात दिलं. वाचा. ह्यांनी वाचलं, "दोन पॉइंट पाच." त्याच्या आधी काय आहे? "आधी काही नाही." नीट बघा. "बघितलं. दोन पॉइंट पाच." मी अ‍ॅम्प्लिफायरच्या आतलं दाखवलं, हे वाचा. "दोन पॉइंट पाच. तोच तर आणला मी."

डोळ्यासमोर ठसठशीत अक्षर आणि हा माणूस म्हणतो, नाही. मी रडले नाही. मी म्हटलं, तुमच्याशी बोलण्यात आता अर्थ नाही, आणि मी बोलणारही नाही. इतकी वर्षं भांडले ह्यांच्याशी, पण हे खोटं बोलतील असं कधी मनात आलं नव्हतं. मला दुःख त्याचं आहे. अ‍ॅम्प्लिफायर गेला खड्ड्यात.

सोमवार, २३

सकाळी लेक भिंगरीला घेऊन आली, दारातूनच टाटा करून पळाली. हे कधीचे तयार. इस्त्रीचा शर्ट, केस विंचरलेले, किल्ली हातात. मी बोलत नव्हते. खाली मात्र गेले, भिंगरीचं दप्तर घेऊन. पोरीवर राग नाही.

हे गाडीत बसले. मी उजवीकडचं मागचं दार उघडलं, दप्तर आत टाकलं आणि दार आपटलं. दप्तर ठेवलंय, एवढं तोंडाने म्हणायचं होतं. नाही म्हटलं. अबोला म्हणजे अबोला. भिंगरी गाडीच्या पुढून वळसा घालून पलीकडच्या दाराशी निघाली होती. तिला जमिनीवर मुंग्यांची रांग दिसली आणि ती तिथेच, गाडीच्या डाव्या दिव्यापुढे थबकली.

हे म्हणाले, "बसलीस? चला तर मग."

गाडी सुरू झाली. गाडी पुढे सरकली.

मी दोन्ही हातांनी बॉनेटवर मारलं. आवाज माझा आला, वर्गातला, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. थांबा. गाडी गचका खाऊन थांबली. भिंगरीच्या गुडघ्यात आणि गाडीत माझा तळहात मावला असता.

हे काचेतून माझ्याकडे बघत होते. "काय झालं? अगं, काय झालं?"

मी म्हटलं, ती समोर आहे.

"कुठे?"

भिंगरी हसत होती. तिला वाटलं खेळ आहे. ती हात वर करून हलवत होती, आजोबा, मी इथे आहे, मुंग्या बघा. ह्यांचे डोळे सरळ समोर. "कुठे आहे? आवाज येतोय. कुठे आहे ती?" मग ती नाचत नाचत माझ्या बाजूला आली आणि ह्यांचा चेहरा एकदम बदलला. "ही कुठून आली?"

खोटं बोलत नव्हते. काल फ्यूजवर ह्यांना खरोखरच काही दिसलं नव्हतं.

मी खिडकीतून हात घालून किल्ली काढून घेतली. ह्यांनी अडवलं नाही. भिंगरीला कडेवर घेतलं, एवढी मोठी मुलगी, आणि वकिलाच्या दारावर थाप मारली. तो बाहेर आला. माझं तोंड बघून त्याने काही विचारलं नाही, तिला शाळेत आणि आम्हाला हॉस्पिटलमध्ये सोडलं.

शुक्रवार, २७

घरी आणलं काल.

डॉक्टर म्हणाले, मी लेकीकडे असताना चक्कर आली होती, त्या बुधवारी मेंदूच्या उजव्या बाजूला छोटा झटका येऊन गेला. डोळे ठणठणीत आहेत. पण डावीकडचं जग डोक्यापर्यंत पोचत नाही, आणि पोचत नाही हेही त्यांना कळत नाही. काही परत येईल, काही नाही. गाडी आता चालवायची नाही. "वेळेवर लक्षात आलं, नशीबवान आहात." मी म्हटलं, वेळेवर? घरात रोज माझ्यासमोर घडत होतं आणि मी रोज चिडत होते, ह्याला वेळेवर म्हणतात? डॉक्टरांनी चष्मा काढला आणि पुसत बसले.

राग गेलेला नाही माझा. उलट वाढलाय. ह्या माणसाला मी खोटारडा म्हटलं. दाढीवरून, ताटावरून, पेपरवरून बोलले. हे जवळजवळ चार आठवडे अर्ध्या जगात एकटे धडपडत होते आणि आपलंच काही चुकतंय म्हणून घाबरून गप्प बसत होते. आता ह्यांना काही म्हणावं तर हे नुसतं माझ्याकडे बघतात. किल्लीचं एकदाही विचारलं नाही. भिंगरीला कोण सोडतं, एवढंच विचारलं. वकील सोडतो, म्हटलं. "चांगला माणूस आहे," म्हणाले.

दुपारी कंपनीच्या त्या मुलीला फोन लावला. तिचा सुस्कारा ऐकला. म्हटलं, नवीन मशीन पाठवू नका. माझी तक्रार मागे घ्यायची आहे. त्या माणसाचं म्हणणं खरं होतं, मशीन उघडलेलं होतं, त्याला आजच्या आज कामावर घ्या. तसं साहेबाला मी लिहूनही पाठवलंय.

ती गोंधळली. मग म्हणाली, "मॅडम, दोष कुणाचा ते भरल्याशिवाय इथे तक्रार बंद होत नाही."

"कुणाचाच नाही, असं भर."

"तसा पर्याय नाही. कंपनी, वाहतूक किंवा ग्राहक."

"ग्राहक."

"मग वॉरंटी रद्द होईल, मॅडम."

"होऊ दे."

कळफलकाचा आवाज आला. मग ती हळूच म्हणाली, "बिल तुमच्या नावावर आहे. म्हणजे मशीन तुम्ही स्वतः उघडलंत?"

हे समोरच बसले होते. डॉक्टरांनी शिकवल्याप्रमाणे मान पूर्ण डावीकडे वळवून मला शोधलं होतं आणि बघत होते.

मी म्हटलं, "हो. मीच उघडलं, आणि स्क्रू परत लावायला मीच विसरले."

ह्यांनी मान खाली घातली. मी फोन ठेवला तरी वर केली नाही.